घरात तान्हं बाळ आणि डोक्यात रेस: दोन्ही जमवायचं कसं

बाळ लहान असताना गाड्यांची रेस बघायला ट्रॅकवर जायचं तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, ट्रिप किती दिवसांची आहे याला फारसा अर्थ नाही, त्यात रात्री किती आणि त्या कोण काढणार एवढंच बघायचं. दिवसा घरात कोणी ना कोणी हाताशी असतं, बाळही मधूनमधून झोपतं, पण रात्री अडीचला बाळाने सूर लावला की उठणारा माणूस एकच उरतो आणि तुम्ही तिकडे हॉटेलात पाय पसरून झोपलेले असता. म्हणजे तुमची मजा वसूल होते ती दुसऱ्याच्या झोपेतून. हा हिशोब ज्याला कळला त्याची रेस सुटत नाही, ज्याला नाही कळला त्याची पहिली ट्रिप बरीच वर्षं शेवटची ठरते.

आता क्रमाने बघू, म्हणजे शक्य तितक्या क्रमाने.

कॅलेंडर आणि ड्यू डेट शेजारी शेजारी

एफवनचं (फॉर्म्युला वन कार रेस) कॅलेंडर खूप आधी येतं, २०२६ चं जून २०२५ मध्येच आलं होतं, त्यामुळे बाळाची बातमी कळते तेव्हा बऱ्याचदा रेसच्या तारखा समोर असतातच. २०२४ आणि २०२५ मध्ये तर २४-२४ रेस झाल्या, मार्च ते डिसेंबर, मध्ये ऑगस्टमध्ये सुट्टी. एवढ्या रेस असताना नेमकी ड्यू डेटच्या आसपासचीच पकडायचा हट्ट कशाला. ड्यू डेट हा अंदाज असतो, बरोबर त्याच दिवशी जन्माला येणारं बाळ विसात एखादंच, ३७ आठवडे पूर्ण झाले की ते कधीही येऊ शकतं आणि ४१ पर्यंत वाटही बघायला लावू शकतं. म्हणून ३६ व्या आठवड्यापासून पुढे गावाबाहेरची एकही रेस बुक करायची नाही, 'तिकीट रिफंडेबल आहे' हे कारण पण चालणार नाही, कारण तिकीट रिफंड होईल, बाळंतपणाच्या वेळी तुम्ही तिकडे होतात हे काही रिफंड होत नाही.

एफवन ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टापेनचंच बघा ना. २०२५ च्या मायामी ग्रां प्रीला (एफवनच्या रेसला ग्रां प्री म्हणतात) गुरुवारच्या मीडिया डेला, म्हणजे पत्रकारांशी बोलायच्या दिवशी, तो आलाच नाही, कारण त्याच वेळी त्याच्या मुलीचा जन्म. मग येऊन शनिवारी पोल मारली, म्हणजे रविवारच्या रेसला सगळ्यात पुढची जागा. त्याच्याकडे स्वतःचं विमान आहे आणि गाडी चालवायचे त्याला पैसे मिळतात, आपल्याकडे यातलं काहीच नाही, आपण एक वीकेंड घरी बसलो तर ट्रॅकवर कोणाला कळत पण नाही.

पहिले महिने, थोडक्यात

पहिले सहा आठवडे विषयच काढू नका. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं, बायकोचं अंग अजून भरून यायचं असतं, सिझेरियन असेल तर अजूनच, आणि रडण्याचा जोर साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. 'दूध तर तीच पाजते, मी काय करणार' असं म्हणणारे बाप बरेच भेटतात, तर दूध पाजणं सोडून बाकी सगळं, ढेकर काढणं, डायपर, परत झोपवणं, बाटल्या धुणं, कपडे, हे रात्री तुमच्या वाट्याचं असायला हवं. ते तुम्ही करत असाल तरच तुम्ही दोन रात्री नसल्याचा काय फरक पडतो ते तुम्हाला कळेल.

तीन महिन्यांनंतर बऱ्याच घरात रात्रीची थोडी लांब झोप यायला लागते (बऱ्याच म्हणतोय, सगळ्या नाही, तुमचं बाळ त्यात नसेल तर वाद घालू नका) आणि तेव्हा एका दिवसाची, सकाळी जाऊन रात्री घरी अशी रेस जमू शकते. एका रात्रीची ट्रिप चार-पाच महिन्यांनी. मग गंमत अशी की आठ-नऊ महिन्यांना परत अवघड होतं, कारण बाळाला तेव्हा कळायला लागतं की बाबा दिसत नाहीये, आणि बाबा दिसत नाहीये म्हणून ते अर्ध्या रात्री रडतं. त्यामुळे एखादी मोठी ट्रिप मनात असेल तर ती चार ते सात महिन्यांच्या मधल्या काळात बसवता येते का बघा, तो टप्पा त्यातल्या त्यात बरा.

आणि एक गोष्ट यात सगळ्यात वर. बाळंतपणानंतर थोडं रडू येणं, मूड जाणं हे बहुतेक बायकांना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही ती गप्प गप्प असेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नाही म्हणत असेल, तर रेस-बिस सगळं बाजूला आणि डॉक्टर आधी. बापांनाही हे होतं, साधारण दहात एकाला, त्यामुळे घरातून पळून जावंसं वाटतंय म्हणून रेसला जायचंय का खरंच रेस बघायचीय, हे एकदा स्वतःला विचारा.

विचारायचं कसं

'मी जाऊ का?' हा प्रश्न वाईट आहे. यात हो म्हटलं तर ती एकटी अडकणार आणि नाही म्हटलं तर ती वाईट ठरणार, दोन्हीकडून मार तिलाच. त्यापेक्षा पूर्ण प्लॅन घेऊन बसा, कुठून कधी निघणार, कधी घरात पाय ठेवणार, मधल्या रात्री तिच्यासोबत कोण असणार (आई, सासूबाई, बहीण, आणि त्यांना आधी विचारून झालेलं असलं पाहिजे), फ्रीजमध्ये काय करून ठेवणार, आणि बदल्यात तिला कोणता वीकेंड पूर्ण मोकळा मिळणार. सगळं ऐकून घेतल्यावर ती बहुतेक एकच विचारेल.

"आणि सोमवारी?"

हा खरा प्रश्न. कारण तुम्ही रविवारी रात्री उशिरा येणार, सोमवारी ऑफिसला जाणार, आणि तीन दिवस एकटीने काढलेली ती चौथा दिवसही एकटीच काढणार. म्हणून सोमवारची रजा आधी टाका, ट्रॅकवर जायच्या शुक्रवारची नंतर. रजा एकच शिल्लक असेल तर ती सोमवारलाच लावा, शुक्रवारची प्रॅक्टिस बुडाली तरी काही आभाळ कोसळत नाही.

तिच्या मोकळ्या वीकेंडचं पण खरंच तारखेसकट ठरवा. 'तू पण जा ना कधीतरी' हे ऐकायला छान वाटतं पण तो कधीतरी येत नाही, आणि शक्यतो तुमच्या रेसच्या आधी तिचा वीकेंड होऊन जाऊदे. त्याचा दुसरा फायदा असा की तुम्ही दोन दिवस बाळाबरोबर एकटे राहिलात की कोणत्या वस्तू कुठे असतात, कोणत्या वेळी ते उगीचच पेटतं, हे सगळं तुम्हाला माहीत होतं.

तीन दिवसांची रेस एका दिवसात

इथे थोडा वेळ थांबू कारण इथेच खरी बचत आहे. आपल्याला सवय असते गुरुवारी पोचायचं, शुक्रवार-शनिवार-रविवार सगळं बघायचं, सोमवारी निघायचं, म्हणजे चार रात्री. पहिल्या वर्षी हे विसरा. एकच दिवस निवडायचा असेल तर कुठला?

सगळे म्हणणार रविवार. मी म्हणतो शनिवार, आणि तोही स्प्रिंट वीकेंडचा. एफवनमध्ये २०२४ आणि २०२५ ला असे सहा-सहा वीकेंड होते, त्यात शनिवारी आधी स्प्रिंट, म्हणजे साधारण १०० किलोमीटरची छोटी रेस, आणि नंतर रविवारच्या रेसची क्वालिफायिंग (कोण कुठल्या जागेवरून सुरू करणार ते ठरवणारी), म्हणजे एकाच दिवशी स्टार्ट पण बघायला मिळते आणि पूर्ण जोर लावून मारलेली लॅप (ट्रॅकची एक फेरी) पण. मोटोजीपीवाल्यांची (बाइक रेस) तर चैनच आहे, २०२३ पासून प्रत्येक राउंडला शनिवारी स्प्रिंट असते, सकाळी क्वालिफायिंग, दुपारी अर्ध्या अंतराची रेस. शनिवारी सकाळी पोचून रात्री घरी, किंवा फार तर एक रात्र, आणि रविवारची मेन रेस बाळाला मांडीवर घेऊन टीव्हीवर. शिवाय शनिवारी बाहेर पडायची गर्दी रविवारपेक्षा पुष्कळ कमी असते.

रविवारचा प्रॉब्लेम असा की तो कधी संपेल याची गॅरंटी कोणी देत नाही. २०११ ची कॅनडा ग्रां प्री पावसामुळे चार तासांच्या वर चालली, एफवनमधली सगळ्यात लांब रेस ती. आता नियमाने थांबण्यासकट तीन तासांची मर्यादा आहे, पण मर्यादा असली तरी सुरूच उशिरा झाली तर? २०२१ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर लोक पावसात तीन तासांहून जास्त बसून राहिले आणि बघायला काय मिळालं तर सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू नेणारी गाडी) मागे मोजक्या लॅप, ड्रायव्हरांना पॉइंट अर्धे. आता कल्पना करा की त्या गर्दीतल्या एखाद्या बापाने घरी 'रात्री नऊला येतो' म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे रविवार गाठायचाच असेल तर परतीची फ्लाइट सोमवारी सकाळची घ्या आणि घरी सुरुवातीपासूनच सोमवार सांगा, लवकर पोचलात तर बोनस, उशीर झाला तर निदान शब्द मोडला नाही.

आणि पार्किंगमधून बाहेर पडायला तास-दोन तास लागतात हे वेळेच्या हिशोबात धराच, ट्रेन किंवा शटल असेल तर गाडी नेऊच नका. झोपेचा पण मुद्दा आहे, सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि रिफ्लेक्स थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखे होतात, आणि तुमची झोप तर आधीच कित्येक आठवड्यांची थकलेली आहे. रेस बघून हायवेवर रात्री दोनला गाडी चालवत येणं हा त्या दिवसातला सगळ्यात डेंजर भाग, ट्रॅकवरच्या कुठल्याही कॉर्नरपेक्षा. डोळे जड वाटले तर थांबा, झोपा, सकाळी निघा, घरी फोन करून सांगा, यावर कोणी रागावणार नाही.

फ्रान्समधल्या ल मानबद्दल विचारणारे असतातच. २४ तासांची रेस, जूनमध्ये, शनिवारी दुपारी चारला सुरू, एका लॅपचा ट्रॅकच १३.६२६ किलोमीटर. पहिल्या वर्षात जायचं असेल तर मी नाहीच म्हणेन, तिथे जाऊन रात्रभर जागणार, मग परत येऊन घरी रात्रभर जागणार, माणूस आहात का बॅटरी. गाड्यांच्या रॅलीचं पण तेच, रेसचे टप्पे जंगलात, गाडी लांब लावून चालत जायचं, फोनला रेंज नाही. तान्ह्या बाळाच्या बापाने रेंज नसलेल्या ठिकाणी दिवसभर राहू नये एवढं साधं आहे.

बुकिंग करताना हे पण लक्षात ठेवा की रेसही रद्द होतात. २०२० ला ऑस्ट्रेलियात शुक्रवारी सकाळी लोक गेटवर उभे असताना रेस रद्द झाली, २०२३ ला इटलीतल्या इमोलाची पुरामुळे. पण त्याहून जास्त शक्यता आहे ती बाळाला ताप येऊन तुम्हीच रद्द कराल याची. म्हणून हॉटेल शेवटच्या दिवसापर्यंत कॅन्सल होणारं, आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, ऑफिशियल रीसेल आहे का, हे पैसे भरायच्या आधी वाचा. एखादा मित्र आधीच बोलून ठेवा जो आदल्या रात्री फोन आला तरी तिकीट घेईल, रेसवेडे मित्र अशा वेळी फार कामाला येतात.

ट्रॅकवर असताना

लाखभर लोक एका जागी आले की मोबाइल डेटा झोपतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहितीये. व्हिडिओ कॉलच्या भरवशावर राहू नका, साधा एसएमएस बऱ्याचदा जातो जेव्हा बाकी काही जात नाही, म्हणून घरी सांगून ठेवा की अर्जंट असेल तर आधी कॉल, नाही लागला तर एसएमएस. फोनच्या वेळा ठरवा, सकाळी गेटमध्ये शिरायच्या आधी आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर. मधे मधे 'काय करतंय बाळ' विचारत दर अर्ध्या तासाला फोन करू नका, ती नुकतीच डोळा लागून झोपलेली असते.

फ्रीजवर एक कागद चिकटवून जा, डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणारं जवळचं हॉस्पिटल, गाडी घेऊन येऊ शकेल अशा शेजाऱ्याचा नंबर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सियस किंवा वर ताप म्हणजे वाट न बघता डॉक्टर, हे पण त्यावर लिहा, तिला माहीत असेल तरी लिहा, रात्री तीनला माहीत असलेलंही आठवत नाही.

परत आल्यावर

आल्या आल्या बाळाला उचलायचं नाही, आधी हात धुवा, कपडे बदला, जमलं तर आंघोळ. दिवसभर हजारो लोकांच्या खोकल्यात बसून आलाय तुम्ही. ट्रिपच्या आधीच डांग्या खोकल्याचा बूस्टर आणि फ्लूची लस घेतलेली असेल तर उत्तम, डॉक्टरांना विचारा, लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात म्हणून आदल्या दिवशी घेऊन फारसा उपयोग नाही. घसा खवखवत असेल तर काही दिवस मास्क लावून बाळाजवळ.

मग ती रात्र पूर्ण तुमची. तिला दुसऱ्या खोलीत झोपवा, दूध काढून ठेवलं असेल किंवा वरचं दूध असेल तर सगळं तुम्ही बघा, अंगावरचंच असेल तर बाळ तिच्याजवळ न्या आणि पाजून झालं की लगेच परत घेऊन या. आणि पहिल्या वळणाला काय भारी ओव्हरटेक झाला ते तिने विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारेल ती, पण मंगळवारी.

बाळालाच घेऊन जायचं म्हणताय?

फोटो छान येतात म्हणून लोक नेतात, पण आवाजाचं गणित समजून घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही मोठ्या माणसाची कामाच्या ठिकाणची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. ट्रॅकजवळ आवाज १०० च्या सहज वर जातो. बाळाचे कान मोठ्यांपेक्षा नाजूक, आणि दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. फोमचे प्लग बाळाला अजिबात नकोत, निघाले की सरळ तोंडात जातात आणि घशात अडकतात. बाळांसाठीचे इअरमफ मिळतात, डोक्याभोवती मऊ पट्टा असलेले, ते आवाज साधारण वीसेक डेसिबलने कमी करतात, पूर्ण बंद नाही. म्हणून मफ लावून ट्रॅकला चिकटून बसणं हा उपाय नव्हे, मफ लावून लांब बसणं हा उपाय, आणि मधे मधे शांत जागी नेऊन काढून ठेवायचे. घरी आधी चार-पाच दिवस घालून बघा, बरीच बाळं दोन मिनिटांत ओढून फेकतात, आणि तसं असेल तर विषय संपला, बाळ घरी.

एक गैरसमज पण काढून टाकतो. जुन्या गाड्यांचे शो म्हणजे निवांत, फॅमिलीवाले, असं वाटतं ना, पण एफवनच्या २०१४ पासूनच्या १.६ लिटर व्ही६ टर्बो हायब्रिड इंजिनांपेक्षा जुनी व्ही१० आणि व्ही८ इंजिनं कितीतरी जास्त किंचाळतात, डेमो लॅपला अशी एक जरी गाडी निघाली तरी बाळ दचकून उठतं. पहिली रेस दाखवायचीच तर फॉर्म्युला ई बघा, इलेक्ट्रिक गाड्या, आवाज बराच कमी, रेस तासाभरात आटोपते, आणि बऱ्याच रेस शहरातच असल्याने परत यायला सोपं. प्युरिस्ट लोक नाक मुरडतील, मुरडूदे, त्यांच्या मांडीवर बाळ नाहीये.

बाकी, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शक्यतो सनस्क्रीन लावत नाहीत, म्हणजे सावली हवीच, उघड्या गवताच्या उतारावर नेऊ नका, छत असलेला ग्रँडस्टँड घ्या. ग्रँडस्टँडच्या पायऱ्यांवर बाबागाडी चालत नाही, बऱ्याच ठिकाणी आत नेऊ पण देत नाहीत, म्हणून अंगाला बांधायचा कॅरियर. डायपर बदलायची जागा कुठे आहे ते मॅपवर आधीच बघून त्याच्या जवळचं स्टँड निवडा, व्ह्यू थोडा कमी असला तरी. गाडीने जात असाल तर बाळ सीटमध्ये मागे तोंड करून, आणि दोन तासांच्या वर सलग नाही. शुक्रवारी न्या, प्रॅक्टिसला गर्दी कमी असते आणि कंटाळलं की उठून निघायला वाईट वाटत नाही.

घरी बसून बघताना

पहिल्या वर्षातल्या बहुतेक रेस अशाच बघणार आहात, मग नीट बघा. लांबच्या टाइमझोनच्या रेस ज्या आधी अर्ध्या झोपेत बघायचात त्या आता रात्रीच्या फीडला बरोबर बसतात, ल मान तर यासाठीच बनवलीये, रात्री किती वाजता उठलात तरी रेस चालूच, तिथे तीन ड्रायव्हर आळीपाळीने गाडी चालवतायत आणि इथे तुम्ही दोघं आळीपाळीने बाळ. ज्या रेस लाइव्ह जमत नाहीत त्यांच्यासाठी ग्रुपचे नोटिफिकेशन रेसच्या आधी बंद करा, स्पॉयलर तिथूनच येतो. आवाज स्पीकरवर नको, इअरफोन लावा पण एकाच कानात, दुसरा बाळासाठी मोकळा, आणि स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी खाली आणा, नाहीतर ते दूध पिऊन झोपायचं सोडून टक लावून सेफ्टी कार बघत बसतं.